अलॉय व्हीलवरचे पांढरे दोरे पुन्हा पुन्हा का उगवतात

पहिल्या वर्षी चाकं पॉलिश करून आणली. दोन महिने आरशासारखी राहिली. मग गणपतीत पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो, तेव्हा उन्हात पुन्हा तेच दिसलं: स्पोकच्या कडेला, क्लिअर कोटच्या (चाकावरच्या पारदर्शक थराच्या) आत, पांढरट दोऱ्यासारख्या रेघा. दुसऱ्या वर्षी त्या जागेवर स्प्रे मारला. जुलैत रंगाला फोड आले. तिसऱ्या वर्षी चाक दिसायला बरं होतं, पण पुढचं डावं टायर दर आठ-दहा दिवसांनी हवा सोडायला लागलं आणि पंक्चरवाल्याला पंक्चर काही सापडेना.

मी रत्नागिरीत राहतो, घरापासून समुद्र दीडेक किलोमीटरवर. ही तिन्ही दुखणी एकाच रोगाची आहेत हे समजायला मला तीन पावसाळे गेले. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाडीच्या काठाला राहणाऱ्या कितीतरी गाड्यांवर मला आता हाच प्रकार दिसतो. त्यावर जे उपाय केले जातात त्यांतल्या बऱ्याच उपायांनी रोग वाढतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी डाग कोणता ते ओळखा

चाकावर दिसणारा प्रत्येक डाग गंजाचा नसतो. ओला कपडा, थोडं पांढरं व्हिनेगर, मोबाइलचा टॉर्च आणि आपलं नख एवढ्यावर निदान होतं.

पुढच्या चाकांवर काळपट-तपकिरी थर जास्त आणि मागच्यांवर कमी असेल, तर ती ब्रेकची भुकटी. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पॅड तिच्यावर घासले की बिडाचे आणि पॅडमधले बारीक कण तापून उडतात आणि चाकाला चिकटतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, तिथली भुकटी ड्रमच्या आतच राहते. म्हणून पुढची चाकं काळी आणि मागची स्वच्छ दिसली तर घाबरू नका, ते तसंच असतं. हा थर ताजा असताना शॅम्पूच्या पाण्याने निघतो. तसाच राहिला तर कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. मग कपडा फिरवला तरी न निघणारे मोहरीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उरतात. त्यांवर बोट फिरवलं की बारीक रवा लागतो.

लालसर डाग पाहून आमच्याकडे लोक लगेच "गंज चढला" म्हणतात. पुष्कळदा ती जांभ्याची माती असते. तिच्यात लोहाचं प्रमाण भरपूर, रंगही गंजाचाच, पण ती नुसती वर बसलेली असते. भिजवून पाच मिनिटं थांबलात की सुटते.

गोल कड्यांचे पांढरे डाग हे बोअरवेलच्या जड पाण्याचे. थोडं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून कापसाने लावा, अर्ध्या मिनिटात डाग विरघळायला लागला तर तो चुन्याचा. लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका, व्हिनेगर चाकावर वाळू देऊ नका.

आणि शेवटचा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. डाग पांढरा आहे, पण व्हिनेगरने, शॅम्पूने, कशानेही हलत नाही. नख फिरवलं तर वरचा थर गुळगुळीत लागतो, किंवा किंचित उचललेला. टॉर्च तिरका धरून जवळून पाहा. एखाद्या टवक्यापासून किंवा कडेपासून निघालेले, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक दोरे दिसतील, झाडाच्या सालीखाली कीड फिरावी तसे. मी भिंगातून तासभर पाहत बसलो होतो. एक दोरा दुसऱ्याला ओलांडून जात नाही, जवळ आला की वळतो. हा डाग बाहेरून लागलेला नाही, तो क्लिअर कोटच्या खाली, धातूत चाललेला आहे. तो पुसून जाणं शक्यच नाही.

आतमध्ये काय चाललेलं असतं

माझा मामेभाऊ कोल्हापुरात फाउंड्रीत आहे. दिवाळीत त्याच्याकडे गेलो असताना मी चाकाला पॉलिश लावत बसलेलो पाहून तो म्हणाला, "आरं, घासतोयस काय त्येला? आतनं किडलंय त्ये." मग त्याने जे सांगितलं ते मला आधीच सुचायला हवं होतं, कारण आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात ते आहे. जर्मनच्या पातेल्यात आपण चिंचेची आमटी रात्रभर ठेवत नाही. लोणचं तर नाहीच. का? पातेल्याला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पूड धरते. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि अलॉय व्हीलही ॲल्युमिनियमच. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम घालून ते ओततात, एवढाच फरक.

ॲल्युमिनियम हवेत आलं की स्वतःवर ऑक्साइडचं पातळ कवच चढवून घेतं. ते कवच इतकं चिवट असतं की साध्या पाण्याला दाद देत नाही. पण त्याला दोन शत्रू आहेत. एक म्हणजे तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्कली. पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, साधारण ४ ते साडेआठच्या दरम्यान असेल तोवर कवच टिकतं, त्याच्या खाली-वर गेलं की विरघळतं. दुसरा शत्रू मीठ. मिठातला क्लोराइड कवचाला टोचून भोक पाडतो, आणि त्या भोकातून धातू खायला सुरुवात होते. खाल्लेल्या धातूची जी पांढरी पूड होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. वरून रंग असेल तर तो उचलला जातो. माझे जुलैतले फोड म्हणजे हेच.

दोरे कसे वाढतात तेही ऐका, कारण उपाय त्यातूनच कळतो. दगड उडून क्लिअर कोटला टवका पडला, तिथून मीठ-पाणी आत शिरलं. दोऱ्याच्या पुढच्या टोकाशी आम्लयुक्त थेंब असतो, तो धातू खात पुढे सरकतो. मागे वाळलेल्या पुडीचं शेपूट राहतं आणि त्या शेपटातून त्याला हवा मिळत राहते. थेंब ओला राहील इतकी आर्द्रता असली की पुरे, पाऊसच पडायला हवा असं नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवा त्या आकड्याच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे चाकावर बसलेला खारा थर चार महिने ओलाच राहतो. त्यावर गाडीचं कव्हर घातलं तर ओल आणखी कोंडते. न धुता कव्हर घालू नका.

डायमंड कट चाकांना हा रोग लवकर होतो. लेथवर चेहरा तासून चकचकीत करतात आणि त्या उघड्या धातूवर फक्त पारदर्शक लॅकर असतं, खाली प्रायमर नाही. शिवाय तासलेली बाजू आणि रंगवलेली बाजू जिथे मिळतात तिथे धारदार कड राहते. धारेवर कोणताही रंग पातळच बसतो. दोरे जवळजवळ नेहमी त्या कडेपासून, नटाच्या भोकापासून किंवा मधल्या कॅपच्या खाचेपासून सुरू होतात. तुमच्या चाकावर या तीन जागा आधी तपासा.

मग दुरुस्त करूनही परत का येतो

कारण आपण चकाकी परत आणतो आणि कवच मात्र पातळ करतो. पॉलिशने क्लिअर कोट झिजतो. दोऱ्यापर्यंत पोचायचं तर तो पार काढावा लागतो, आणि मग धातू पूर्ण उघडा पडतो. मशीनवर घासलेलं उघडं ॲल्युमिनियम दुकानात झक्क दिसतं. वर काहीच नसेल तर समुद्राकाठी त्याचं आयुष्य काही आठवड्यांचं.

स्प्रेच्या वेळी माझी चूक निराळी होती. वरवर घासून, कपड्याने पुसून मी रंग मारला. खड्ड्यांच्या तळाशी पांढरी पूड आणि मीठ तसंच राहिलं होतं. रंगाच्या खाली मीठ राहिलं की ते रंगातूनही ओल ओढून घेतं आणि फोड येतात. त्याशिवाय मी घासायला लोखंडी तारेचा ब्रश वापरला होता, ज्याने आदल्या दिवशी फाटकाचा गंज काढला होता. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि त्यांच्याभोवती गंज लवकर सुरू होतो. ॲल्युमिनियमला लोखंडी तार, स्टीलची घासणी, लोखंडावर वापरलेला पॉलिश पेपर, यांतलं काहीही लावायचं नाही.

पण सगळ्यात मोठं कारण मला वॉशिंग सेंटरवर सापडलं. मी दर महिन्याला गाडी तिथे द्यायचो आणि पेपर वाचत बसायचो. एकदा उठून मागे गेलो. पोरगा प्लॅस्टिकच्या स्प्रे बाटलीतून चाकांवर काहीतरी मारत होता, आणि चाकावर बारीक फेस येऊन वाफेसारखा वास सुटला होता. विचारलं तर म्हणाला, "ॲसिड आहे काका. एकदम चकाचक होतं." त्याचा दोष नाही, त्याला तेच शिकवलेलं. संडासाच्या फरश्या धुवायचं ॲसिड पातळ करून चाकाला मारण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. म्हणजे आम्लही तेच आणि क्लोराइडही तेच, कवचाचे दोन्ही शत्रू एका बाटलीत. टवका पडलेल्या चाकात ते शिरलं की दोऱ्याला खुराकच.

चाकं पांढरी करणाऱ्या काही तीव्र क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. ते चाकापेक्षा माणसाला जास्त घातक आहे. हातावर पडल्यावर कधी कधी लगेच आग होत नाही, काही तासांनी कळ सुरू होते, तोवर ते आत मुरलेलं असतं. बाटलीवर 'फ्लोराइड' दिसलं तर ती घरात आणू नका. चुकून अंगावर उडालंच तर भरपूर पाण्याने धुऊन, दुखायची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या.

घरी केल्या जाणाऱ्या चुकाही कमी नाहीत. कपडे धुवायच्या पावडरीत सोडा असतो, तो अल्कलीच. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर म्हणजे आम्ल आणि रेती एकत्र, ती देवाच्या समईला शोभते. लिंबाची फोड, चिंच, शेगडी साफ करायचा कॉस्टिकवाला स्प्रे, हे सगळं मी लोकांना चाकाला लावताना पाहिलं आहे. कॉस्टिक तर ॲल्युमिनियमला अक्षरशः उकळवतो, बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे.

धुण्याची पद्धत

चाक गार असताना धुवा. आम्ही कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येतो, तेव्हा साखरप्याला चहाला थांबलं तरी चाकाजवळ हात नेला की धग लागते. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर डिस्क वाकायची भीती, आणि क्लीनर मारला तर तो वाळून डाग धरतो. घाटात खालचा गिअर टाकून उतरलात तर ब्रेकवरचा भार कमी होतो आणि भुकटीही कमी उडते, हा जाता जाता मिळणारा फायदा.

चाकं बॉडीच्या आधी धुवायची. त्यांची बादली वेगळी आणि कपडाही वेगळा, नाहीतर चाकावरची लोखंडी भुकटी बॉनेटवर घासली जाते. आधी नुसत्या पाण्याने भरपूर भिजवा, माती आणि मीठ जेवढं पाण्याने जाईल तेवढं जाऊ द्या. मग पीएच न्यूट्रल कार शॅम्पू, आणि मऊ केसांचा ब्रश. मी रंगकामाचा दोन इंची ब्रश घेतो, त्याच्या पत्र्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे म्हणजे ओरखडा जात नाही. स्पोकच्या मागची बाजू, नटांची भोकं आणि रिमचा आतला भाग, जो उभ्याने दिसत नाही, तिथेच मीठ साठतं. एका चाकाला मला आठ मिनिटं लागतात, त्यातली पाच आतल्या बाजूला.

मोहरीसारखे तपकिरी ठिपके असतील तर आयर्न रिमूव्हर वापरा. साबण लावून धुतलेल्या, ओल्या चाकावर मारायचा. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होतो आणि चाकावरून जांभळे ओघळ यायला लागतात. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे उघड्यावर आणि हातमोजे घालून करा. बाटलीवर दिलेला वेळ पाळा, साधारण तीन ते पाच मिनिटं, सावलीत, वाळू न देता, आणि मग भरपूर पाणी. हा वर्षातून दोन-तीनदा पुरे. जांभळा रंग आला नाही तर तुमचा डाग लोखंडाचा नाही, उगाच बाटली संपवू नका.

शेवटी कोरडं करा. हे लोक सोडूनच देतात. चाकावर पाणी तसंच वाळलं की चुना आणि मीठ दोन्ही मागे राहतात. मी शेवटचा हात एसीच्या नळीतून ठिबकलेल्या पाण्याने मारतो. त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात दोन दिवसांत बादली भरते. मग मायक्रोफायबरने पुसायचं आणि गल्लीतून एक चक्कर मारून यायची, म्हणजे ब्रेकवरची ओल उडते.

दाभोळ-धोपावे फेरीने गेलो किंवा किनाऱ्यालगतच्या रस्त्याने दिवसभर फिरलो, तर त्याच संध्याकाळी निदान नुसत्या पाण्याने चाकं आतून-बाहेरून धुतो. शॅम्पू दोन दिवसांनी लावला तरी चालेल, मीठ मात्र त्याच दिवशी निघालं पाहिजे. आणि पुळणीवर गाडी उतरवू नका. दुसऱ्यांचा, तिथल्या जिवांचा आणि गाडी रुतली तर तुमचाही त्यात काही फायदा नाही. चाकाच्या आत जी ओली वाळू जाते ती ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचते.

पंक्चर नसताना हवा जाते तेव्हा

माझं टायर ३३ पीएसआयवरून दहा दिवसांत २४ वर यायचं. पंक्चरवाल्याने दोनदा पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिलं, बुडबुडा नाही. तिसऱ्यांदा मी चाक आडवं ठेवून, टायर आणि रिम जिथे भेटतात त्या खाचेत साबणाचं पाणी ओतायला लावलं आणि आम्ही पाच मिनिटं नुसते बघत राहिलो. आतल्या बाजूला, वितभर लांबीत, दुधाच्या सायीसारखा बारीक फेस जमला. बुडबुडा इतका सावकाश आणि बारीक होता की टाकीत तो दिसणं अवघडच.

टायर उतरवल्यावर, टायरची आतली जाड कड (तिला बीड म्हणतात) रिमवर जिथे बसते त्या कडेवर खडूसारखी पांढरी खरखरीत पापडी होती. टायरचं रबर तिच्यावर नीट बसत नाही आणि हवा मधून वाट काढते. ट्यूबलेस टायरमध्ये ही कड म्हणजेच झाकण. पापडी नायलॉनच्या घासणीने काढली, मग नवा ३२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून बोटाने गोलाकार फिरवला, कड गुळगुळीत लागेपर्यंत. धुतलं, वाळवलं, बीड सीलरचा पातळ हात दिला, व्हॉल्व्ह नवा टाकला. त्या दिवसापासून हवा टिकली. पंक्चरवाल्याला हे काम वेळखाऊ वाटतं आणि तो नुसतं सीलर फासून मोकळा होऊ पाहतो. पापडीवर सीलर लावलं तर चार महिन्यांत पुन्हा तेच. उभं राहून करून घ्या, त्याच्या वेळेचे पैसे द्या.

तिथे उभे आहातच तर आणखी तीन गोष्टी सांगा. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या कडेला ठोकायची नाहीत, आतल्या बाजूला चिकटवायची घ्यायची. ठोकलेल्या वजनाची क्लिप लॅकर कापते आणि लोखंड-ॲल्युमिनियमची गाठ घालून देते. जुनं वजन स्क्रूड्रायव्हरने उचकटू द्यायचं नाही. आणि टायर चढवायच्या मशीनच्या पकडीला प्लॅस्टिकचं कव्हर आहे का ते पाहायचं. व्हॉल्व्हची टोपी साधी प्लॅस्टिकची ठेवा. गाडीला टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर व्हॉल्व्हची दांडी पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर पितळेची शोभेची टोपी खाऱ्या हवेत कायमची चिकटते आणि काढताना दांडीच तुटते.

चाक हबला चिकटून बसणं हा याच घराण्यातला त्रास. नट काढले तरी चाक निघत नाही, कारण हब लोखंडाचा, चाक ॲल्युमिनियमचं आणि मध्ये खारं पाणी. स्टेपनी लावायची वेळ रात्री, पावसात आली की हे कळतं. नट दोन-तीन आट्यांवर ढिले ठेवून टायरच्या बगलेवर लाकडी ठोकळा लावून ठोका, जॅकवरच्या गाडीखाली अंग घालू नका. चाक निघाल्यावर हबचा तोंडचा भाग साफ करून तिथे ॲल्युमिनियमला चालणाऱ्या अँटीसीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) अगदी पुसट हात द्या. नटांच्या आट्यांना आणि नट टेकतो त्या जागेला मात्र काही लावू नका, तिथे कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, कोरड्या आट्यांसाठीचा असतो.

कायमचा इलाज

दोरे तांदळाच्या दाण्याएवढे असताना घरी थांबवता येतात. उचललेला लॅकर चांगल्या भागापर्यंत ४०० नंबरच्या पेपरने काढायचा, कडा ८०० ने उतरत्या करायच्या, खड्ड्यात पांढरं काहीही उरू द्यायचं नाही. एसीच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन हेअर ड्रायरने वाळवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, मग रंग, मग क्लिअर. हे काम मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी करायचं. पावसाळ्यात केलेलं टिकत नाही, मी करून पाहिलं आहे.

दोरे चेहराभर पसरले असतील तर चाक पूर्ण सोलण्याला पर्याय नाही. डायमंड कट पुन्हा लेथवर घेता येतो, पण दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे ते मोजक्याच वेळा करता येतं, आणि वर पुन्हा तेच नुसतं लॅकर. मी तो चमकता चेहरा सोडून दिला. चारही चाकं केमिकलने सोलून, प्रायमरवर पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) करून पूर्ण करडी केली. पहिले आठ दिवस चुकल्यासारखं वाटलं. आता नाही वाटत.

पावडर कोटिंगवाल्याला तीन प्रश्न विचारा. सोलणार कशाने? जाड वाळूचा मारा चाकाला नको, केमिकल किंवा बारीक, मऊ माध्यम हवं. कोटिंगआधी धातूवर प्रक्रिया आणि प्रायमर करणार का, की धुतलं आणि मारली पावडर? आणि भट्टी किती तापमानाला, किती वेळ? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. चाकाचा धातू कारखान्यात तापवून, विझवून कणखर केलेला असतो. गरजेपेक्षा जास्त तापमानाला जास्त वेळ ठेवला तर तो कणखरपणा उतरतो. 'अंदाजाने बघतो' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. नट टेकतात त्या शंकूवर पावडरचा जाड थर बसला तर नट पुढे ढिले होतात, ती जागा झाकून घ्यायला सांगा. आणि चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क पुन्हा तपासा, आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाकाला तडा असेल, किंवा नटांच्या भोकाशी खोल खड्डे पडले असतील, तर कोटिंग करून ते झाकू नका. ते चाक बदला.

नव्या कोटिंगवर मी मे महिन्याच्या शेवटी सीलंट लावतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. चाकं काढून, आतल्या बाजूलाही. सिरॅमिक कोटिंगही चांगलं चालतं, मळ चिकटत नाही, धुणं सोपं होतं. पण कोणतंही कोटिंग दोऱ्याच्या वरून लावू नका, आत चाललेलं ते थांबवत नाही. तो खर्च निरोगी चाकावरच करा.

वॉशिंग सेंटरला गाडी आजही देतो. फक्त चाकांना हात लावायचा नाही असं आधी सांगतो, आणि पोरगा विसरू नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतो.

सध्या चारपैकी तीन चाकं स्वच्छ आहेत. मागच्या उजव्या चाकाला कॅपच्या खाचेपाशी एक दोरा निघालेला परवा धुताना सापडला. त्याच्या टोकाशी मार्करने बारीक खूण केली आहे, शेजारी तारीख लिहिली आहे, लांबी ४ मिलिमीटर. महिन्याने मोजतो. पुढे सरकला असेल तर चाक उतरवून पेपर हातात घ्यायचा.